माझं आता काय राहिलंय?

आज रेडिओवाल्या मुलींनी मला बोलायला बसवलंय. विषय दिलाय, म्हातारपणी श्रद्धेच्या बळावर पुढं कसं बघायचं. मी म्हटलं, अगं, ७१ वर्षांच्या बाईला पुढं काय दिसणार? त्या हसल्या. म्हणाल्या, आजी, तेच सांगा. तर तेच सांगते. प्रवचन करत नाही, माझ्यावर गुदरलेलं सांगते. ऐकता ऐकता शेंगा फोडायच्या असतील, भाजी निवडायची असेल, तर निवडा. हात थांबवू नका.

मी नगर जिल्ह्यातली. सातवी शिकलेली. आमच्या गावात वीस-बावीस ख्रिस्ती घरं आहेत, छोटं देऊळ आहे, गावाच्या कडेला कब्रस्तान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी देवळात मुलांची रविवारची शाळा घेत होते. आमचे हे साखर कारखान्यात कामाला होते. पगारातून पै पै साठवून त्यांनी अडीच एकर जमीन घेतली. मुलगा आणि मुलगी, दोघांची लग्नं झाली. मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे, मुलगी सासरी नांदते.

सहा वर्षांपूर्वी हे प्रभूत झोपी गेले. सकाळी चहा घेतला, आणि दुपारी नव्हते. त्यानंतर मी ओट्यावर बसायला लागले, ती बसलेच. ओट्यावरून कब्रस्तानाचा कोपरा दिसतो. रविवारची शाळा सोडली. शेतात जायचं बंद केलं. बचत गटाच्या बैठकीला जायचे, पण नुसती बसायचे. कुणी म्हटलं, मावशी, कर्ज घ्या, चार कोंबड्या घ्या, तर माझं एकच उत्तर: ‘माझं आता काय राहिलंय? प्रभू कधी नेतो त्याची वाट बघते.’

मैत्रिणींनो, हे बोलणं किती भक्तीचं वाटतं बघा. पाळक साहेबांनाही वाटलं, बाईचा विश्वास मोठा. सुनेलाही वाटलं, सासूबाई देवाला लागल्या. मलाही तसंच वाटत होतं. खरं काय होतं, ते मला दोन वर्षांनी कळलं. मी देवाची वाट बघत नव्हते. मी फक्त जगायचं सोडून दिलं होतं, आणि त्याला देवाचं नाव दिलं होतं.

हे कळलं कसं, तर गटाच्या वहीमुळं. एका बैठकीत सह्या चालल्या होत्या. वही माझ्यापुढं आली आणि मी अंगठा पुढं केला. आमची सचिव माझ्या मुलीच्या वयाची आहे. ती थांबली. म्हणाली, ‘मावशी, तुम्ही तर वळणदार सही करता. अंगठा का?’ मी म्हटलं, ‘काय फरक पडतो?’ तिनं माझ्यापुढं पासबुक धरलं. ‘शिल्लक किती, वाचा बरं.’ मला आकडा दिसला नाही. नुसता पांढरा धूर दिसला. वर्षभर पवित्र शास्त्रही मी वाचत नव्हते. पाठ होतं तेवढं म्हणायचे आणि वाचल्यासारखं करायचे.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी म्हटलं, राहू दे, किती दिवस राहिलेत, कशाला खर्च? त्यावर ती जे बोलली ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, ‘मावशी, तुमचा देव आंधळ्यांना डोळे देत होता असं तुम्हीच आम्हाला नाताळात सांगितलंत. त्यानं कुणाला आधी वय विचारलं होतं का?’

ती पोर हिंदू. पण माझ्याच देवाची गोष्ट तिनं मला परत आणून दिली. मी गप्प झाले.

सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. पूर्वी म्हणायचे, मोतीबिंदू पिकू द्या. आता पिकायची वाट बघावी लागत नाही. डॉक्टरांना दाखवायचं, ते सांगतील तेव्हा करून घ्यायचं. माझा आधी एक डोळा झाला, मग काही दिवसांनी दुसरा. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय दिसलं? घरातली जळमटं! मी त्याच दिवशी केरसुणी घेणार होते, मुलीनं हात धरून बसवलं. वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जातं, पण सांगते.

शस्त्रक्रियेच्या आधी मुलगा कागद घेऊन आला होता. फ्लॅट घ्यायचा, पैसे कमी पडतात, जमीन आपल्या नावावर झाली तर विकता येईल, असं त्याचं म्हणणं. मुलगा वाईट नाही. शहरात भाडं भरून भरून तो दमला होता. मी म्हटलं होतं, ‘आण बाबा, सही करते. माझं आता काय राहिलंय?’ त्यानं कागद कपाटात ठेवला. डोळे बरे झाल्यावर एका संध्याकाळी मी तो काढला आणि वाचला. ते हक्कसोडपत्र होतं. माझा हक्क मी सोडला आणि मुलीनं तिचा हक्क सोडला, असं त्यात लिहिलेलं. मुलीच्या नावापुढं सहीची जागा मोकळी होती. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही. मी पवित्र शास्त्र उघडलं. दोन वर्षांनी डोळ्यांनी वाचत होते. उघडलं ते रूथचं पुस्तक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेथलेहेम गावात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलगे घेऊन मवाब देशात पोट भरायला गेली. आपल्याकडं ऊसतोडीला जातात तसं समजा. तिथं नवरा गेला. मुलांची लग्नं झाली, मग मुलगेही गेले. राहिल्या तीन विधवा, सासू आणि दोन सुना. नामी गावी परत निघाली. एक सून माहेरी गेली. दुसरी, रूथ, सासूला सोडेना, बरोबर आली. गावातल्या बायका वेशीवर जमल्या, ही नामीच का, म्हणायला लागल्या. नामी म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे गोड, मारा म्हणजे कडू. भरल्या घरानं गेले होते, देवानं रिकामी परत आणली, असं तिचं म्हणणं.

ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत चाळीस वेळा शिकवली असेल. पण त्या रात्री एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. रिकामी आले असं नामी म्हणत होती, तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती! आणि शिवारात सातूची कापणी सुरू होत होती. माणूसही होतं, पीकही होतं. नामीला दोन्ही दिसत नव्हतं.

माझीही तीच गत. माझं काय राहिलंय म्हणत होते तेव्हा माझी मुलगी रोज संध्याकाळी फोन करत होती. डोळ्यांच्या वेळी पंधरा दिवस घरदार सोडून ती माझ्यापाशी राहिली. आणि मी तिला न विचारता तिच्या वाट्याचं देऊन टाकायला निघाले होते. माझं काही राहिलं नाही असं जी बाई म्हणते, ती दुसऱ्याचंही सहज वाटून टाकते. हे माझ्या हातून होणार होतं.

नामी पुढं काय करते? ती रडते, पण ओट्यावर बसून राहत नाही. रूथ शेतात सरवा वेचायला जाते, तेव्हा नामी तिला विचारते, कुणाच्या शेतात गेलीस, तो आपला कोण लागतो. ती सुनेच्या पुढच्या आयुष्याची काळजी वाहते. नवऱ्याच्या जमिनीचा प्रश्न गावाच्या वेशीत, पंचांसमोर सुटतो. रूथचं बवाजशी लग्न होतं, मूल होतं, ते नामीच्या मांडीवर येतं. आणि त्या बाळाचं नाव कोण ठेवतं? शेजारच्या बायका! शास्त्रात तसंच लिहिलंय. नाव ठेवलं ओबेद. तो दावीद राजाचा आजोबा. नामीनं राजा बघितला असेल असं काही वाटत नाही. तिनं फक्त बाळ मांडीवर घेतलं.

मी मुलीला फोन केला, सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘आई, मला जमिनीची हाव नाही. पण मला विचारलं तरी असतंस.’ एवढंच. पण ते अजून माझ्या कानात आहे.

मग मी आणि सचिव तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेलो. बायकांना तिथं कायद्याचा सल्ला आणि वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे, लिहून ठेवा. वकीलबाईंनी समजावलं ते तुम्हालाही सांगते.

आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलंबाळं असली, तर बायकोला तिसरा हिस्सा. उरलेले दोन हिस्से मुलांत सारखे. मुलगा-मुलगी असा फरक नाही. आमच्या घरात तिघांना सारखे तीन भाग आले. हिंदू भगिनींना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आहे, त्यातही बायको, मुलगा आणि मुलगी यांना हक्क आहे. मुस्लिम भगिनींचे नियम वेगळे आहेत, त्यांनीही सल्ला घ्यावा. जमीन वडिलोपार्जित असेल, आधी काही वाटप झालं असेल, तर हिशेब बदलतो. म्हणून ऐकीव गोष्टीवर सही करायची नाही.

बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यातला फरक नीट समजून घ्या. बक्षीसपत्र नोंदवून झालं की वस्तू हातातून गेली. मृत्युपत्र आपल्या मागं लागू होतं, आणि शुद्धीत आहोत तोवर कधीही बदलता येतं. ते साध्या कागदावरही चालतं. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्षीदाराला किंवा त्याच्या नवरा-बायकोला मृत्युपत्रात काही दिलं असेल तर ते देणं रद्द होतं. म्हणून ज्याला काही मिळणार नाही असाच साक्षीदार घ्यायचा. आणि मुलांना जमीन जिवंतपणी द्यायचीच असेल, तर सांभाळ करायचा ही अट कागदातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणं ती अट मोडली तर प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, दिलेलं परत मिळू शकतं. अट लिहिलेली नसली की भांडण अवघड होतं.

नाताळानंतर मी दोघा मुलांना घरी बोलावलं. आधी प्रार्थना केली, मग कागद मध्ये ठेवला. मुलगा चिडला. म्हणाला, ‘तू आधी हो म्हणाली होतीस.’ खरंच म्हणाले होते. मी त्याची माफी मागितली. चूक माझी होती. न वाचता, लेकीला न विचारता मी शब्द दिला होता. तलाठ्याकडं वारस नोंद केली, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. मुलगी भावाला म्हणाली, पाच वर्षं माझ्या हिश्श्याचं पीक तू घे, घराच्या हप्त्याला लाव, पण जमीन राहू दे. माझ्या हिश्श्याचं मृत्युपत्र मी केलं. साक्षीदार पाळक साहेब आणि आमची सचिव.

सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मुलगा आठ महिने आला नाही. मागच्या नाताळात आला, करंज्या खाल्ल्या, वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवली. जमिनीचं काही बोलला नाही, मीही बोलले नाही. जाताना पाया पडला, पण पूर्वीसारखा गळ्यात पडला नाही. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. जे बरोबर ते केलं म्हणजे लगेच सगळे खूश होतात, असं देवानं कुठं कबूल केलेलं नाही.

त्या दिवसांत मला यिर्मया संदेष्ट्याची फार मदत झाली. यरुशलेमेला शत्रूचा वेढा पडला होता, यिर्मया स्वतः कैदेत होता, देश बुडणार हे त्याला ठाऊक होतं. अशा वेळी देवानं त्याला काय सांगितलं? गावाकडचं शेत विकत घे! त्यानं सतरा शेकेल रुपं मोजून दिलं, साक्षीदारांसमोर खत केलं आणि ते मातीच्या भांड्यात ठेवायला लावलं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. का, तर या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे घेतले जातील, असं देवाचं वचन होतं. ते दिवस स्वतः बघायला मिळतील म्हणून त्यानं खत केलं नव्हतं. मागच्यांसाठी केलं होतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. केडगावचं मुक्ती मिशन तुम्ही ऐकलं असेल. दुष्काळातल्या, टाकलेल्या बायका-मुलींना त्यांनी तिथं आसरा दिला. पण उतारवयात त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुली खिळे जुळवायच्या. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा वारली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच गेली. त्या आईनं काम सोडलं असतं तर कुणी बोल लावला असता? पण त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून आलं ते त्यांच्या मागं.

आणि आमच्या लक्ष्मीबाई टिळक. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून छापून यायला लागली, तेव्हा त्या पासष्टीच्या पुढं होत्या. त्यांनीही ‘माझं काय राहिलंय’ म्हटलं असतं, तर मराठीचं केवढं नुकसान झालं असतं!

आपण काही रमाबाई नाही, लक्ष्मीबाई नाही. पण प्रत्येकीकडं काहीतरी अपुरं असतं. कुणाचा डोळा, कुणाचा कागद, कुणाशी तुटलेला शब्द.

आता कुणी विचारेल, ख्रिस्ती माणूस तर मरणानंतरच्या जीवनाची आशा धरतो, मग इथल्या सातबाऱ्याचं काय एवढं? माझं उत्तर असं. पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे आम्ही कब्रस्तानात जातो. अजून अंधार असतो, हातात मेणबत्त्या असतात. आपल्या माणसांच्या कबरींपाशी उभं राहून गाणी म्हणतो, तोवर उजाडतं. माझ्यासाठी यांच्या शेजारी जागा आहे. मला तिची भीती नाही. पण भीती नाही म्हणूनच मला घाई नाही आणि लोभही नाही. शेवटचं घर पक्कं आहे, हे ज्याला माहीत आहे, तो इथलं घर नीट झाडून जातो. मी आता ओट्यावर बसते तेव्हा कब्रस्तान दिसतंच. पण शाळेतून येणारी पोरंही दिसतात. ती आधीही त्याच रस्त्यानं येत होती.

तर मैत्रिणींनो, तुमचा देव कोणताही असो, गटाच्या पुढच्या बैठकीत साठीच्या वरच्या बायकांना चार प्रश्न विचारा. डोळे शेवटचे कधी दाखवले? सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का? पासबुकाला वारसदार म्हणून कुणाचं नाव दिलंय? आणि कुणाशी बोलायचं राहून गेलंय? पहिल्या तीन प्रश्नांना गट मदत करू शकतो. चौथा ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. घरात छळ होत असेल, कुणी सांभाळत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन आहे. लाजू नका.

मी गटातून कर्ज घेतलं. सहा कोंबड्या आहेत, हप्ता चुकलेला नाही. रविवारची शाळा पुन्हा घेते, नऊ पोरं येतात. शेताच्या बांधावर या पावसाळ्यात चिंच लावली. शेजारीण म्हणाली, ‘मावशी, या चिंचेला चिंचा कधी लागायच्या आणि तुम्ही कधी खायच्या?’ मी म्हटलं, ‘तुझ्या नातीनं खाल्ल्या तरी चालतील. पण पाणी मी घालणार.’

बोलताना काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या. देव तुम्हा सगळ्यांचं बरं करो. सलाम.